तिसऱ्या पेटीतली चिमुरडी

नवजात बाळांच्या वॉर्डात बावीस वर्षं काढलेल्या मोठ्या सिस्टर त्या सकाळी एका पेटीपासून दुसरीकडे नुसत्या फिरत होत्या. काचेच्या पेटीतलं एक बाळ आदल्या दुपारी गेलं होतं. दुसरं तापानं फणफणलं होतं. आणि आता तिसऱ्या पेटीतली चिमुरडी दूध घेईना, रडेना.

एरवी फोनवरच भागवणाऱ्या लॅबच्या बाई स्वतः वर आल्या.

"दोघांच्या रक्तात एकच जंतू. एकाही नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. औषध निकामी करणारं जनुक आहे त्याच्यात."

"पण आला कुठून?"

"बाळं काही उठून एकमेकांकडे जात नाहीत, सिस्टर. सगळ्यांचे हात तपासायचेत."

सिस्टरांनी हात पुढे केले. तिन्ही बाळांना याच हातांनी न्हाऊमाखू घातलं होतं. कापसाचा बोळा बोटांवरून फिरला तेव्हा त्यांनी तो नखांखालूनही फिरवायला लावला.

रिपोर्टला दोन दिवस लागणार होते. घरी नातू रांगत आला, तर त्यांनी हात पाठीमागे लपवले. "अगं, निदान चहाला तरी हात लाव," नवरा म्हणाला. त्यांना हसू आलं नाही.

वॉर्डात चिमुरडीच्या आईनं त्यांना गाठलं. "ताई, तुमच्या हाताला गुण आहे. तुम्हीच बघा हो तिच्याकडे." सिस्टरांनी दोनदा हातमोजे बदलले, मगच दुधाची नळी धरली.

हात स्वच्छ निघाले. जंतू सापडला बेसिनच्या जाळीखाली; नळ सोडला की शिंतोड्यांबरोबर वर उडायचा. "हात धुतल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही!" असं दटावत त्या ज्या बेसिनकडे सगळ्यांना पिटाळायच्या, तेच ते. आधी त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सुटकेचीच लाज वाटली.

बेसिन उखडलं. मूत्रपिंडाला जड जाणारं एक जुनं औषध डॉक्टरांनी मन घट्ट करून सुरू केलं. दुसऱ्या बाळाचा ताप उतरला. आठव्या दिवशी चिमुरडी भोकाड पसरून रडली.

गेलेल्या बाळाचा बाप त्याच दिवशी कागद न्यायला आला. सगळ्यांनी नजर चुकवली. सिस्टर त्याच्यापाशी गेल्या.

"जंतू इथलाच होता, भाऊ. आमच्या बेसिनमधला."

"म्हणजे हिचं काही चुकलं नव्हतं?"

"नाही. काहीच नाही."

तो बाकावर बसला आणि बायकोला फोन लावू लागला. नंबर दोनदा चुकला.