चांदणीमागचा श्री

अगं, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. कोपरची मालू माहितीये ना, कॉम्प्युटरचे मराठी फॉन्ट बनवणारी? बापाच्या होडीवर रंगवलेली अक्षरं बघून तिने पहिला फॉन्ट काढलेला. नव्व्याण्णव साल. फॉन्ट घरच्याच मशीनवर, स्वतःच्या साइटवर ठेवलेला. साइटचे भाग म्हणजे खोल्याच समज, साइटच्या नावाआधी खोलीचं नाव टाकलं की ती खोली उघडायची. पण खोल्यांची नावं यादीत, कोणीही बघावी अशी. साइट खरी असल्याच्या सर्टिफिकेटवरही तीच. तिच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या कुंडलिकने ती वाचली, फॉन्ट उचलला नि कल्याणात स्वतःचा म्हणून खपवला. वर तोंड करून म्हणतो, "मालू, दारावर पाटी लावलीस तर लोक आत येणारच की!"

पाटीपाटीवर बापाच्या होडीची अक्षरं, नाव कुंडलिकचं. मालूची सणकली. "थांब मेल्या."

सगळी यादी पुसली. तिथे फक्त एक चांदणी, ती * खूण असते ना, ती. म्हणजे कुठलंही नाव मारा, मशीन 'ओ' देणार. सर्टिफिकेटवरही चांदणीच. खरी खोली कुठल्या नावामागे, बाहेरून कळायचा सवालच नाही. मलाही नाही सांगितलं हां तिने! बाकी काहीही टाका, एकच खोली उघडणार, आणि तिथे गळाला लावलेला नवाकोरा फॉन्ट.

कुंडलिकने 'अक्षर' मारलं. उघडलं! हावरट लेकाचा, अजून एक नाव मारलं असतं तर तेही उघडलं असतं नि भांडं फुटलं असतं. पण दम कुठे!

त्या फॉन्टमधे एका बटणावर आख्खा 'श्री'. श्री न लिहिता दुकान उघडणारा माणूस दाखव मला! त्या श्रीच्या पोटात मालूने बारीक कोरलेलं, कागदावर नुसता डाग वाटायचा.

कुंडलिकने स्वतःच्या नव्या दुकानाला पुरुषभर उंच बोर्ड केला. उद्घाटनाला पडदा सरकला नि त्याची आईच मोठ्याने वाचते, "श्री... आत काय लिवलंय रे हे? मालूचा... चोरलेला?"

लोक खो-खो हसतायत, हा तडक कोपरला. "मालूताई, पाया पडतो. गिऱ्हाइकांनाही तोच फॉन्ट दिलाय गं. उद्या मोहने गावात देवळाची कमान लागतेय, श्री माणसाएवढा! खरा फॉन्ट दे."

मालू बोंबील साफ करत होती. मानही वर केली नाही.

"ठेवलाय की खऱ्या खोलीत. बस नावं मारत."

दुसऱ्या दिवशी कमान लागली, गं. तशीच.

तू असतीस तर दिला असतास?