आतून हात लावू नका

“आई, डोकं. कापडाला लागेल.”

राधाबाईंनी मान आणखी खाली घातली. सकाळपासून सून कालिंदी त्यांना हेच सांगत होती.

फणसवाडीतल्या त्यांच्या चाळीची मागची भिंत परवाच्या पावसात खचली. ज्यांचे नातलग जवळ होते ते तिकडे गेले. उरलेल्यांसाठी शाळेच्या मैदानात बालवीर पथकाचे तंबू लागले. एकेका तंबूत दोन-दोन बिऱ्हाडं. पाऊस उघडायचं नाव घेईना. आणि कालिंदीची तान्ही शेवंती नुकतीच न्यूमोनियातून उठलेली. हिला आता ओल लागता कामा नये, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणताना त्यांनी कालिंदीकडे पाहिलं नव्हतं. तेच तिच्या मनात रुतून बसलं होतं.

कॉलेजच्या छावणीत ती एक गोष्ट पक्की शिकली होती. भिजलेल्या तंबूला आतून बोट लागलं, की तिथूनच पाणी ठिबकायला लागतं. म्हणून तिने भोवती चर खणून घेतला, मधोमध ट्रंका जोडून त्यांवर गोधडी घातली, शेवंतीला निजवलं आणि पहारा मांडला. कुणाचं लुगडं कापडाला टेकलं, ओढा. कुणी छत्री उभी केली, आडवी करा. शेजारची मालन शेवटी म्हणाली, “कालिंदी, श्वास घेतला तर चालेल ना गं? की तोही बाहेर जाऊन घेऊ?”

कालिंदीला हसू आलं नाही. तिचा नवरा वसंत सत्याग्रहात पकडला गेला, त्यानंतर नुसत्या आवया येत होत्या: आज सुटतील, उद्या सुटतील. सुटून तो घरी जाणार, तर दाराला कुलूप आणि भिंतीला टेकू. आपण इथे आहोत हे त्याला सांगणार कोण? ती घडीघडी शेवंतीच्या दुपट्याखाली हात घाली, कोरडं आहे ना पाही, पुन्हा घाली. पोर दचकून जागी होई.

“सारखो हात कित्याक लावतंस?” राधाबाई एकदा म्हणाल्या, तेवढंच.

दिवेलागणीला रस्त्यावरून घोषणा आल्या. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ एवढं ऐकू आलं, पुढचं पावसात गेलं. मालनने दाराचं कापड सारून पाहिलं आणि म्हणाली, सुटलेली माणसं आहेत वाटतं, गळ्यात हार दिसतायत.

कालिंदी ताडकन उठली. तोल जाताना हात वर टेकला तो अख्खा पंजाच. तशीच ती दाराशी धावली. हार घातलेला एकेक चेहरा पुढे गेला.

“वसंता इलो?” मागून राधाबाईंनी विचारलं.

“नाही.”

ती वळली. पंजा टेकला होता तिथे थेंब धरत होता. पडला. दुसरा धरला. खाली शेवंतीच्या उशीचं टोक. मालनने पातेलं पुढे केलं. पण ते ठेवायचं तर पोर हलवायला हवी, आणि ट्रंका सोडल्या तर सगळीकडे चिखल.

आता सासू बोलणार, म्हणून कालिंदी उभीच राहिली. राधाबाई ट्रंकेवर सरकल्या, नातीला मांडीवर घेतलं आणि पाठ थेंबाखाली धरून तिच्यावर ओणवल्या.

“आई, तुम्ही भिजाल.”

“माझी पाठ वाळतली.”

चोळीवर ओलीचा डाग पसरत चालला. त्यांच्या सावलीत शेवंती शांत झोपली होती. कालिंदीचा हात दुपट्याकडे गेला. मग तो तिने मागे घेतला आणि स्वतःच्या पदरात घट्ट गुंडाळून बसली.