आईच्या अक्षरांची काच

दुकानाच्या दाराच्या काचेला वरच्या कोपऱ्यातून भेग गेली आणि थोरलीनं भावाला बोलावून घेतलं. त्या काचेवर ‘काच व आरसे’ ही अक्षरं आईनं रंगवलेली. ‘से’ जरा तिरकं, कारण तेव्हा धाकटा भाऊ तिच्या कडेवर वळवळत होता. आता आई नाही, बाबा नाहीत. उरलंय ते एवढं तिरकं ‘से’.

धाकटा माप घ्यायला टेप घेऊनच आला. “बदलूनच टाकू,” तो म्हणाला. “बाबा असते तर एक रात्र ठेवली नसती.”

खोटं नव्हतं ते. बाबांनी जन्मभर गिऱ्हाइकांना एकच पालुपद ऐकवलं, भेग गेलेली काच घरात ठेवू नका. घरातल्या चहाच्या कपालासुद्धा टिचकी मारून बघायचे. बद्द वाजला की गेला कचऱ्यात, मग तो आईचा लाडका का असेना. पण दिवस मोठे सुखाचे होते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते दोघा भावंडांपुढं काचेचे, कौलांचे फुटके तुकडे ठेवायचे आणि भेग कुठं जाईल ते ओळखायला लावायचे. कौलातली भेग खडा लागला की अडखळते, वळसा घेते, कधी तिथंच बसकण मारते. काचेत तिला अडवायला कुणी नसतं, ती सुसाट जाते. थोरली दर वेळी हरायची आणि धाकटा तिला चिडवून नकोसं करायचा.

“ही चार दिवसांत खालपर्यंत येईल,” तो आता म्हणाला. “कुणाच्या अंगावर पडली म्हणजे?”

“काढ,” ती म्हणाली.

त्यानं खालची लाकडी पट्टी उचकटली आणि तसाच उकिडवा बसून राहिला. पट्टीमागं काचेत बोटभर जुनी भेग होती. टोकाला बाबांनी पाडलेलं मसुराएवढं गोल भोक, मेणानं बुजवलेलं. भेग त्या भोकाशीच अडली होती, पुढं तसूभरही सरकली नव्हती.

“लबाड म्हातारा,” थोरली म्हणाली आणि तिला रडू आवरेना. जगाला शहाणपण शिकवायचं आणि बायकोच्या अक्षरांपुढं मात्र मुकाट राहायचं. वर कुणाला दिसू नये म्हणून पट्टी ठोकली ती वेगळीच.

टेप खिशात टाकून धाकट्यानं ड्रिल आणलं, तिच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. तिनं वरच्या नव्या भेगेच्या टोकावर बोट ठेवलं.

“तिथं नाही गं,” तो म्हणाला. “दिसते त्याच्या जराशी पुढं पोचलेली असते ती. अजून हरतेसच तू.” आणि तिचं बोट धरून त्यानं नखभर पुढं सरकवलं.