करवत्या आणि बूट

माझं बूट दुरुस्तीचं दुकान आणि त्यात आमचा सात महिन्यांचा कुत्रा करवत्या, म्हणजे मांजराच्या हाती दुधाची राखण! आठवड्यात त्याने तीन गिऱ्हाइकांचे बूट फाडले. खेळताना माझी पोटरीही सोडली नाही. मी बोंबललो की त्याला वाटायचं, खेळ रंगात आला.

"बाबा, त्याला चामड्याचे तुकडे चघळायला कोण देतं?" लेकीने विचारलं.

मीच द्यायचो.

तुकडे थांबवले, जाड दोरीची गाठ दिली. तो चावला की आम्ही खेळ सोडून पाठ फिरवायचो.

महिन्याने एका गिऱ्हाइकाचे नवेकोरे बूट चुकून त्याच्यासमोर राहिले. त्याने हुंगले, माझ्याकडे पाहिलं आणि धावत जाऊन दोरी आणली.

मी दुकानभर नाचलो. "शिकला गं, शिकला!"

लेक म्हणाली, "दोघंही शिकलात!"