उंबऱ्याबाहेरचे बूट

सुमेधा वाघमारेची ऑलिंपिकमधली कारकीर्द बारा मिनिटांची. पहिली लढत तिनं चार-तीन अशी जिंकली. दुसरीत गुण तीन-तीन झाले, पण शेवटचा गुण समोरच्या मुलीचा होता, म्हणून निकाल तिच्या बाजूनं गेला. ती मुलगी अंतिम फेरीत गेली असती तर सुमेधाला कांस्यपदकासाठी पुन्हा खेळता आलं असतं; पण ती पुढची लढत हरली आणि तो रस्ताही बंद झाला. परतूरच्या जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे वाहणाऱ्या नागसेनची पोरगी तिथपर्यंत गेली, हेच गावानं पदक मानलं. स्टेशनवर तिला उतरवून घ्यायला तीन ट्रॅक्टर आले होते.

मॅटवरच्या कुस्तीत एक रीत आहे. पैलवान शेवटची लढत संपली की पायातले बूट काढतो, मॅटच्या मधोमध ठेवतो आणि अनवाणी बाहेर पडतो. त्या दिवशी सुमेधानं डाव्या बुटाची नाडी सोडलीही होती. मग तिनं ती पुन्हा बांधली. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं खांद्याच्या दुखण्यात गेली आणि एकतिसाव्या वर्षी तिनं थांबायचं ठरवलं. बूट ठेवायचे ते गावच्या तालमीत, वस्ताद बद्रीनाथांसमोर, हेही ठरवलं. वस्तादांनी तिची एकही मॅटवरची लढत समोर बसून पाहिली नव्हती. म्हशी आणि तालीम सोडून ते कुठं जात नसत.

चूक तिथंच झाली. जालन्याच्या एका वार्ताहर बाईंना, ज्योत्स्ना त्यांचं नाव, सुमेधा फोनवर उत्साहात बोलून गेली आणि बातमी छापून आली की ऑलिंपिक खेळलेले बूट गावच्या मातीत ठेवून ती निवृत्त होणार. बारा वर्षं वसतिगृहं, शिबिरं आणि रेल्वेची नोकरी यांत गेली होती. तालमीच्या आखाड्यात पायताण येत नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम तिच्या ध्यानातच आला नाही. कार्यक्रम ठरवणारे गावचे पुढारी काकासाहेबही विसरले. त्यांनी बुटांचा फोटो घालून फ्लेक्स लावला.

कार्यक्रम रविवारी सकाळी नऊचा होता. शनिवारी सकाळी वस्तादांची नात राजनंदिनी सायकलवरून निरोप घेऊन आली. सतरा वर्षांची पोर, स्वतः पैलवान, पण निरोप सांगताना मान खाली.

"ताई, आबा म्हणले, सुमेला म्हणाव ये. पण बूट उंबऱ्याच्या आत येणार न्हाईत."

सुमेधाला ते लागलं. एवढं सगळं केल्यावर बुटांच्या एका जोडीला जागा नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं. दुपारपर्यंत ही गोष्ट गावच्या मोबाइलच्या ग्रुपवर पोचली आणि तिथं तिला दुसरंच तोंड फुटलं. वस्तादानं बूट अडवले की बूट घालणारीला, असं एकानं विचारलं. खाली हसणारी चार तोंडं, मग रागावलेली दहा. वाघमाऱ्यांच्या वस्तीतली तरणी पोरं दारात येऊन बसली. दोन वाजता काकासाहेब आले आणि मॅट आणून शाळेच्या मैदानावर वेगळाच कार्यक्रम करू म्हणाले; वस्तादाची गरजच काय, बिलकुल नको.

सुमेधा मैदानावर गेली असती तर ज्या माणसानं तिला पैलवान केलं त्याच्या नावाला जन्माचा डाग लागला असता. तालमीत गेली असती तर ती वाकली, असं तिचीच माणसं म्हणाली असती. उद्या सकाळी नऊ वाजता यातलं एक होणारच होतं. नागसेन कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले की आधी जाऊन वस्तादांना विचार.

चार वाजता ती तालमीत गेली. दगडी भिंती, वर पत्रे, मधे लाल मातीचा हौद. चौऱ्याहत्तर वर्षांचे बद्रीनाथ धोतर खोचून उद्यासाठी माती तयार करत होते. हळद, लिंबाचा रस आणि तेल पडलं होतं. ताकाची कळशी अजून भरलेली होती.

"वस्ताद, लोक काय बोलून राह्यले, कळलं का?"

"कान हायेत मला."

"मंग?"

"मंग काय? खोरं घे."

तिनं खोरं घेतलं. माती वरखाली करायला लागली. चार-पाच खोरी झाल्यावर तिचं आपल्या पायांकडे लक्ष गेलं. चपला तिनं उंबऱ्याबाहेर कधी काढल्या, तिला आठवत नव्हतं. पायांनी आपले आपणच ते काम केलं होतं.

वस्तादांनी कळशी कलती केली. ताक मातीत मुरलं, तसं ते म्हणाले,

"तू पयल्यांदा आल्ती, तवा तुझ्या बापानं रातभर पाठ करून घेतलं व्हतं तुझ्याकडून. नाव, शाळा, वजन, ऱ्हाती कुठं. मी काय इचारलं?"

सुमेधा अकरा वर्षांची होती तेव्हा. गावात दोन गोष्टींची चर्चा झाली होती, एक मोठ्यानं आणि एक हळू. मोठ्यानं बोलत ते ती मुलगी आहे म्हणून. हळू बोलत ते ती कुठल्या वस्तीतून येते म्हणून. वस्तादांनी दोन्हीपैकी काही विचारलं नव्हतं.

"चप्पल काढली का, असं इचारलं व्हतं," ती म्हणाली.

"तू म्हणली काढली. मी म्हणलो ये मंग. झालं. दुसरं काही इचारायचं न्हाई, हीच या तालमीची रीत. उद्या तुझे बूट आत घेतले तर परवा काकासाहेबाचे येतेत. मंग आत येणाराचा पाय बघू का बूट?"

तिच्या हातातलं खोरं थांबलं. सकाळपासून जो नियम तिला आडवा येत होता, त्याच नियमानं तिला आत घेतलं होतं. गावानं चार प्रश्न विचारायच्या आधी या माणसानं एकच विचारला आणि बाकीच्यांची तोंडं बंद केली. ती बराच वेळ माती ओढत राहिली.

"बूट ठेवू कुठं मंग?" तिनं शेवटी विचारलं.

"ते तू बघ. ऑलिंपिक तू खेळली, मी न्हाई."

रविवारी नऊच्या आधीच तालीम भरली. माणसं भिंतींना पाठ लावून हौदाभोवती बसली, बाया एका बाजूला, पोरंसोरं खिडक्यांत. वस्तीतली पोरंही आली, पण हाताची घडी घालून उभी राहिली. सुमेधाची शेवटची कुस्ती राजनंदिनीशी लागली. दोघींनी मातीला हात लावून कपाळाला नेला. गाव समजत होतं की पोरगी ताईला मान देईल. पोरीला तसं कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या मिनिटाला तिनं आत शिरून पाय लावला आणि सुमेधाची पाठ मातीला लागली.

वस्ताद म्हणाले, "सुमे, येळेवर थांबली म्हणायची."

पहिली हसली ती सुमेधा, पडल्या जागीच. मग टाळ्या झाल्या त्या दोघींसाठी होत्या. उठून तिनं राजनंदिनीचा हात वर केला. माइक हातात आल्यावर ती फार बोलली नाही. पहिल्या दिवशी वस्तादांनी तिला काय विचारलं होतं तेवढंच तिनं सांगितलं, आणि काय विचारलं नव्हतं तेही सांगितलं. हाताची घडी घातलेल्या पोरांपैकी एकानं घडी सोडली. काकासाहेब मात्र फ्लेक्सकडे बघत राहिले.

मग ती अंगभर मातीनिशी उंबऱ्याबाहेर गेली. पिशवीतून बूट काढून तिनं दाराच्या डाव्या हाताला, अकराव्या वर्षी चपला काढल्या होत्या त्याच जागी, जोडीनं ठेवले. टाचा रस्त्याकडे, पुढचा भाग दाराकडे. ज्योत्स्नाबाई वहीत लिहीत होत्या. हे ऑलिंपिकमध्येच का केलं नाही, असं त्यांनी विचारलं.

"तिथं उंबरा न्हवता," सुमेधा म्हणाली.

बुटांपासून हातभर अंतरावर नागसेन उभे होते. वीस वर्षांपूर्वी पोरीला घेऊन येत तेव्हा याच जागी सायकल धरून उभे असत, नंतर कुस्ती बघत ती समोरच्या खिडकीतून. त्यांना कुणी आत येऊ नको म्हटलं नव्हतं. ये, असंही कुणी म्हटलं नव्हतं. आजची कुस्तीही त्यांनी खिडकीतूनच पाहिली होती.

वस्ताद आतून उंबऱ्यापाशी आले. त्यांनी आधी बुटांकडे पाहिलं, मग नागसेनकडे. काही तरी वीस वर्षं आपल्याकडून राहून गेलं, हे त्यांच्या तोंडावर सुमेधाला स्पष्ट दिसलं.

"नागसेन," ते म्हणाले, "चपला काढल्या का?"

नागसेननी खाली पाहिलं. वाकून उजवी काढली, मग डावी, आणि दोन्ही पोरीच्या बुटांशेजारी लावून ठेवल्या.

"काढल्या."

"ये मंग."

सुमेधानं वडिलांना वाट दिली आणि त्यांच्या मागून आत गेली.