बाह्यांचं घोंगडं

"उलटी करायची न्हाय. सरळ धर आन् बाहीरनंच बघ."

बापूसाहेब हे म्हणेपर्यंत म्हस्कूचा हात कोपरापर्यंत बरानकोटाच्या बाहीत शिरलाही होता. डोळे मिटून तो बोटांनी आतली शिवण चाचपत होता.

भिगवण स्टेशनाच्या मागं बापूसाहेबांचं घर. पेन्शनीत निघालेले शिपाई, बसऱ्याच्या लढाईवर जाऊन आलेले. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या, एक लंगडा पाय आणि एक जाड लोकरीचा खाकी कोट. पाय ते कुणालाही दाखवत. कोट मात्र पौषात एकदा उन्हाला काढत आणि शेजारी काठी घेऊन बसत. हे ऐकूनच म्हस्कू सणसरहून आला होता. वाटेत एक मुक्काम करून.

"बापूसाब, ही खाकेत जादा पट्टी कशाला घातलीय?"

"मला काय ठावं? सरकारनं शिवलाय."

"हात वर करा की जरा."

"का?"

"करा तर."

बापूसाहेबांनी हात वर केला. मग लक्षात आलं तसा झटकन खाली घेतला. "म्हस्कू, तू कोट बघाय आलाईस का माझी कवायत घ्याय?"

म्हस्कू हसला नाही. त्याला आत्ताच काहीतरी कळलं होतं. हात वर गेला की खाकेत कापड ताणतं. तिथं सैल जागा नसली तर अख्खा कोट वर ओढला जातो. म्हणून ती पट्टी. कोण असेल तो पहिला माणूस, ज्याला हे सुचलं?

"जावयासाठी पायजे," तो म्हणाला. "बिरू. कॅनॉलवर पाटकरी हाय. पहाटं पाण्यात उभं राहून दोन्ही हातांनी चारीच्या तोंडाच्या फळ्या उपसायच्या, तवा पाणी सुटतं. घोंगडं धरायला तिसरा हात कुठनं आणायचा? खांद्यावरनं घसरतंय, पाण्यात पडतंय. मग काढून ठेवतोय काठावर आन् उघडाच उतरतोय. छातीत कफ धरलाय. खोकाय लागला की फळी सुटतीया हातातनं."

"मग शिंप्याला दे घोंगडं. कापून शिवंल."

"कापायचं न्हाय."

"का रं?"

म्हस्कू घोंगडी विणणारा. त्याच्या आज्यापासून माग चालत आला होता. मेंढराला कातर लागते ती लागते, विणून झाल्यावर घोंगड्याला लावायची नाही. हातानं कातलेली लोकर, एक धागा तुटला की शेजारचा सैल होतो, आणि दोन पावसाळ्यांत सगळं उसवून हातात येतं. पण एवढंच नव्हतं. कापलेलं घोंगडं बिरोबाच्या पुढं अंथरत नाहीत. का, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. बाकी सगळं विचारायचा तो.

"कापत न्हाईत आमच्यात," एवढंच तो म्हणाला.

बापूसाहेबांनी काठी बाजूला ठेवली. कोट मांडीवर घेतला आणि स्वतःच्या हातानं बाही उलटी केली. "बघ. लौकर बघ. आमची कारभारीण द्वारकाबाई आली तर म्हणंल, मला कदी हात लावू दिला न्हाई."

घरी आल्यावर म्हस्कूनं आधी अंगणात काडीनं कोट काढला. मग पुसला. मग परत काढला. तानूबाई, त्याची बायको, दारात चरख्यावर बसली होती.

"आवं, दोन दिस पायपीट करून रेघोट्या वडाय शिकून आलाय व्हय?"

"कापायचं न्हाय आन् हात तर पायजेत. मंग हात इणायचेच."

"इणा. म्होरल्या साली पाय इणा. म्हंजे चालत जाईल जत्रंला."

तरी तिनं त्याच दिवशी सूत जरा जास्त पिळाचं काढायला घेतलं. बिरूची बायको नकोशी तिचीही लेक होती. कॅनॉलचे साहेब मोहनराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी बिरूला सरळ सांगितलं होतं, सोमवारी उसाच्या पाण्याची पाळी सुटणार, मी स्वतः चारीवर येतो. फळ्या वेळेवर निघाल्या तर चारी तुझी. नाही निघाल्या तर दुसरा माणूस बघावा लागेल, लोकांचा ऊस वाळतो. चारी गेली तर चारीवरची झोपडी गेली. मेंढरं तर कधीच गेली होती, चरायचं रान उसाखाली आल्यापासून.

म्हस्कूनं एका ताण्याच्या उभ्या धाग्यांतनं दोन धोटे चालवले. छातीपर्यंत एकच पट, आणि तिथून पुढं दोन्ही अंगं वेगळी. एक धोटा उजवीकडून मधे येऊन माघारी फिरायचा, दुसरा डावीकडून. मधे आपोआप चीर पडत गेली, कडा पक्क्या. गळा झाला. समोरची फट झाली, आणि पाठीला परत एकच पट. बाह्या वेगळ्या अरुंद विणल्या आणि दाभणानं नळीसारख्या जोडल्या. खाकेत हाताएवढा चौकोनी तुकडा, तोही विणलेला. अख्ख्या कामात कातर खुंटीवरच राहिली. तिसऱ्या दिवशी तो स्वतःशीच हसत मागाच्या खड्ड्यातनं वर आला.

आणि मग त्यानं नेहमीचं काम केलं. चिंचोके शिजवून खळ केली आणि सगळ्या घोंगड्याला वर-खाली, आत-बाहेर कुंचल्यानं चोपडली. खळ दिल्याशिवाय घोंगडं पुरं होत नाही. खळीनं ते ताठ होतं, पाणी वरच्यावर ओघळतं. जन्मभर हात तसाच चालत आलेला, त्या दिवशीही चालला. उन्हात वाळवलं. शनिवारी सकाळी बिरू आणि नकोशी आली.

बिरूनं ते अंगात घातलं आणि तसाच उभा राहिला. दोन्ही हात आडवे. खाली येईनात.

"वाकवा की जावाई."

"वाकत न्हाईत मामा. फळीत घातल्यावानी झाल्यात."

नकोशीनं तोंडाला पदर लावला. "शाळवाच्या रानात उभं करा त्यांस्नी. एक पाखरू न्हाय यायचं." ती हसली, बरीच हसली, आणि हसता हसता बिरूला खोकला आला. आडव्या हातांनी त्याला छाती धरता येईना. नकोशीचं हसू थांबलं. तो खोकत राहिला आणि त्या ताठ बाह्या हलत राहिल्या.

म्हस्कू खुंटीकडं बघत होता. कोपरापाशी एक काप दिला तर हात मोकळा होईल. एकच. त्यानं कातर काढली. हातात घेऊन उभा राहिला.

"तुमी ती ठिवा," तानूबाई म्हणाली.

"परवा सोमवार हाय."

"ठिवा म्हंते न्हवं? खळ कशानं सुटती?"

"ऊन पाण्यानं."

"आन् वाळल्यावर जशी असंल तशी ऱ्हाती. सपाट वाळीवली, सपाट ऱ्हायली. हाताच्या आकारानं वाळवा."

म्हस्कूनं कातर परत खुंटीला लावली. तेवीस वर्षं ती सूत काढत होती, माग त्याचा होता. हे तिला कसं दिसलं आणि त्याला कसं नाही, याचं त्याला वाईट कमी आणि नवल जास्त वाटलं.

बाह्या ऊन पाण्यात भिजवल्या. तशाच बिरूच्या अंगात घातल्या.

"उपसताना हात कसं असत्यात? तसं धरा."

बिरूनं कोपरं वाकवली, पंजे जवळ आणले. नकोशीनं हातात खोऱ्याचा दांडा दिला. आणि तो उन्हात बसला. सूर्य सरकला की तिघं मिळून त्याला बाजेसकट सरकवत. भाकरी नकोशीनं भरवली. येणारे-जाणारे थांबत.

"काय रं बिरू, कुणाला मारतुयास?"

"कोट शिजतोय," बिरू म्हणायचा. दुपारपर्यंत त्यालाही मजा वाटायला लागली. नाक खाजलं तेव्हा मात्र सासूला हाक मारणं त्याला जड गेलं.

दुसरा दिवसही तसाच गेला. संध्याकाळी बाह्या कोरड्या झाल्या. कोपरात तीन वळ्या पडल्या होत्या, अगदी माणसाच्या कातड्याला पडतात तशा. तिथं हात वाकायचा, थोडा उलगडायचा. पुरता सरळ व्हायचा नाही.

सोमवारी दिवस उगवताना चारीवर धुकं होतं. कॅनॉलचं पाणी वाफाळत होतं. काठावर पाच-सहा बागायतदार कानाला मफलर बांधून उभे. मोहनराव सायकलवरून उतरले.

बिरू रामराम करायला गेला. पंजे छातीच्या जरा खाली येऊन थांबले, जुळेनात. मोहनरावांनी ते बघितलं.

"हे काय अंगात?"

"घोंगडं हाय साहेब. बाह्यांचं."

"कुठं शिवलं?"

"शिवलं न्हाय. आमच्या मामांनी इणलं."

"बरं. उतर."

बिरू मांड्यांपर्यंत पाण्यात उतरला. म्हस्कू काठावर उकिडवा बसला. पहिली फळी फुगून रुतली होती. बिरू खाली वाकला, बाह्या आपोआप तिच्या कडेशी गेल्या. फळी हलली, निघाली. पाणी उसळून त्याच्या छातीवर आलं आणि घोंगड्यावरून खाली ओघळलं. दुसरी फळी. तिसरीला त्यानं दम घेतला आणि खोकला. एकदा. फळी अर्धी वर आलेली. काठावरचे सगळे पुढं वाकले. म्हस्कू पुढच्या खोकल्याची वाट बघत होता, आणि नकळत स्वतःची कोपरं वाकवून, पंजे आवळून बसला होता.

खोकला आला नाही. फळी आली. मग चौथी. पाणी चारीत धावत सुटलं आणि बागायतदार आपापल्या बांधाकडं पळाले.

मोहनरावांनी वहीत काहीतरी लिहिलं. "पाळी गुरुवारपर्यंत हाय. रोज ह्याच वेळंला," ते बिरूला म्हणाले आणि सायकल वळवली.

बिरू वर आला. हात तसेच, वाकलेले. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण म्हस्कूचं लक्ष त्याच्या तोंडाकडं नव्हतंच. तो बाहीकडं बघत होता. मनगट भिजलं होतं. कोपरातल्या वळ्यांत खळ विरघळून पांढरट पाणी आलं होतं. तिथनं आत गेलं असेल का?

"थांबा जावाई," तो म्हणाला, आणि गळ्यातून हात आत घातला. खांद्यावरून, खाकेतल्या चौकोनाच्या आतून, दंडापर्यंत. बिरू अवघडून उभा राहिला. म्हस्कूनं डोळे मिटले.

आत कोरडं होतं. आणि गरम.

त्यानं हात लगेच काढला नाही.