कानेलाची शिरगणती

मी एक जुनं खेचर आहे. नाव कानेला, म्हणजे दालचिनी, रंगावरून पडलेलं. आई घोडी, बाप गाढव, तेव्हा माझ्याकडे शहाणपण कुठून आलं ते विचारू नका. होंडुरासच्या डोंगरातल्या सान ग्रेगोरियोत माझा जन्म झाला आणि सगळं आयुष्य मेलेसियोच्या दारात गेलं. कॉफीची पोती, मक्याची पोती, एकदा तर चर्चची घंटासुद्धा या पाठीने वाहिली आहे.

मित्रांनो, तुम्ही भूगोल वाचता. मी तो चालले आहे. नकाशावर आमचं गाव म्हणजे एक टिंब आणि भोवती सात वाड्या, दोन-दोन बोटांवर. त्या दोन बोटांत केवढी दरी मावते ते माझ्या गुडघ्यांना ठाऊक! सपाट जागा म्हणावी तर फुटबॉलचं मैदान. तेही कललेलं. चेंडू सुटला की थेट खालच्या तालुक्यात.

त्या वर्षी राजधानीतून कागद आला. गाव आणि वाड्या मिळून हजार माणसं भरली तर नर्स राहील, नाहीतर दवाखान्याला कुलूप. मेलेसियोच्या लेकीला, ऑलिंपियाला, पाचवा महिना होता. खालचा दवाखाना सात तासांच्या वाटेवर. तिचं पहिलं बाळ त्याच वाटेवर गेलं होतं, माझ्या पाठीवर. ते दुःख मी अजून विसरले नाही.

म्हणून मास्तरीणबाई एर्मेलिंदा शिरगणतीला निघाल्या, तेव्हा मेलेसियोने मला पुढे केलं आणि दावं धरून स्वतःही आला. पण सहा वाड्या झाल्या तरी कागदावर म्हातारे, बायका आणि तान्ही बाळंच. तरणी पोरं औषधालाही नाहीत! पलटणवाले लॉरी घेऊन येत आणि खेळणाऱ्या पोरांना फौजेत भरायला मैदानावरूनच उचलून नेत. तेव्हा कोणी वही उघडली की पोरं रानात पसार. आकडा नऊशेच्या आतच अडकला.

सातव्या वाडीत विधवा तिबुर्सियाचं घर.

"घरात कोण कोण?" बाईंनी विचारलं.

"मी आणि कोंबड्या."

"आणि निकासियो?"

"तो होय? तो गेला."

"कुठे?"

"सगळे जातात तिथंच," म्हणत तिने छातीवर क्रूस काढला.

आता हा निकासियो, तिचा धाकटा, मला दर रविवारी गूळ चारायचा. त्याचा वास मला कणसांच्या माळ्यावरून येत होता. मी चारही पाय रोवले. मेलेसियोने पुढून ओढलं, मागून ढकललं, माझा बाप काढला.

"चल गं बये! इथंच संसार थाटतेस की काय?"

मी गळा काढला. तसा माळ्यावरून आवाज आला, "कानेला, गप की!"

"झालं!" तिबुर्सियाने कपाळ बडवलं. "मेलेलं पोरगं बोललं!" आणि लगेच तिला रडू फुटलं. "बाई, थोरल्याला मैदानावरून नेला. सहा वर्षं झाली, चिठ्ठी नाही. हा एवढाच उरलाय. याला कागदावर नका घालू."

बाईंची पेन्सिल थांबली. "माझी ऑलिंपिया..." एवढंच म्हणून मेलेसियोने मान खाली घातली. मला माझ्या तोंडाची लाज वाटली.

मग बाई म्हणाल्या, "पलटणीत मुलींना नेतात का हो?"

"छे! मुलींना कोण नेतंय?" तिबुर्सिया म्हणाली.

"मग लिहिते. निकासिया. वय सतरा. मुलगी."

"मी नाही मुलगी होणार!" माळा ओरडला.

"गप गं पोरी!" आई म्हणाली.

बातमी माझ्यापेक्षा जोरात पळाली. परतताना वाडीवाडीत मिशाळ मुली रांगेने उभ्या. आमच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक तर मिशीला पीळ देत म्हणाला, "बाई, वय जरा कमी लावा, लग्नाची आहे मी." आकडा हजाराच्या वर चाळीस गेला.

राजधानीतले साहेब चक्रावले. पुरुषांच्या तिप्पट बायका, त्याही ऐन तारुण्यातल्या! इथे एकट्या नर्सवर कसं भागणार? त्यांनी एक सुईणही धाडली. तिला मीच वर आणलं. मैदानावर पोरांची झुंबड बघून ती म्हणाली, "अहो, बायका कुठायत?"

"शेतावर गेल्यात," मेलेसियो म्हणाला.

ऑलिंपिया तिच्याच हातून सुटली. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "मुलगा आहे! धडधाकट!" मेलेसियो माझ्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. मग नाक पुसून हळूच म्हणाला, "ओरडू नका हो बाई. मुलगीच लिहा."

ती मुलगी आता नऊ वर्षांची आहे, झाडांवर चढते आणि खाली उतरताना माझ्या पाठीवर उडी मारते. रस्ता झाला, जीप आली. मला पाणी पाजायची आठवणही कधीकधी कोणाला राहत नाही. मित्रांनो, म्हाताऱ्या जनावराला वेळेवर पाणी पाजत जा. आणि उद्या मोठे होऊन वही घेऊन माणसं मोजायला निघालात, तर आधी दारातल्या आईच्या तोंडाकडे बघा, मगच लिहा.